गोलात मांडलेल्या आठ खुर्च्या

(वॉटरफोर्ड इथे मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



डब्लिन, कॉर्क, लिमरिकहून पावसापाण्यातून गाडी हाकत आमच्या वॉटरफोर्डला आलात, त्याबद्दल आधी मनापासून आभार. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या बोलण्याचा विषय ‘कॉम्प्लेक्सिटी थिअरी, अमूर्त चित्रकला आणि गटमानसोपचार’ असा छापला आहे. तो वाचून एक काका मघाशी चहाच्या टेबलाशी मला म्हणाले, "ताई, यातलं एकही कळलं नाही तरी जेवण मिळेल ना?" मिळेल काका. पण मधला अर्धा तास माझा.

मी मानसशास्त्रज्ञ आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे आठवड्यातून एकदा आठ खुर्च्या गोलात मांडणं. सात खुर्च्या येणाऱ्या माणसांच्या, एक माझी. मध्ये टेबल नाही. दीड तास. विषयपत्रिका नाही, अध्यक्ष नाही, आभारप्रदर्शन नाही. हे ऐकल्यावर मराठी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग तिथे करता काय?" बोलतो. आणि कधी कधी वीस वीस मिनिटं बोलतही नाही.

याच गावात सेंट ऑटेरन्स हॉस्पिटल आहे. १८३५ साली ते वेड्यांचं इस्पितळ म्हणून सुरू झालं. त्या काळी, आणि नंतरही शंभर-सव्वाशे वर्षं, आयर्लंडमध्ये मनाच्या आजारावरचा उपाय म्हणजे उंच भिंत. १९५० च्या दशकात या एवढ्याशा देशात वीस हजारांच्या वर माणसं अशा भिंतींच्या आत होती, लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वांत जास्त गणल्या जाणाऱ्यांत. आणि त्याच आयर्लंडमध्ये, १९४६ साली, युरोपातली पहिली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची बैठक डब्लिनला भरली. म्हणजे एकीकडे माणसाला समाजातून काढून बरं करायचा खटाटोप आणि दुसरीकडे माणसांमध्ये बसवून. मी दुसऱ्या बाजूची.

गटोपचाराची सुरुवात मात्र मनाच्या डॉक्टरांनी केली नाही. १९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचा वर्ग भरवला. सॅनेटोरियम परवडत नव्हतं, म्हणून सगळ्यांना एकत्र बसवून विश्रांती, हवा, आहार यांचे धडे द्यायचे, एवढाच हेतू. पण रुग्णांना धड्यांपेक्षा एकमेकांचा आधार जास्त लागू पडतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्डच्या लष्करी इस्पितळात हे प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाले, आणि तिथे एक माणूस होता ज्याच्याबद्दल मला आपल्या सगळ्यांना मुद्दाम सांगायचंय. विल्फ्रेड बायन. जन्म १८९७, मथुरा. हो, आपली कृष्णाची मथुरा. वडील इंजिनिअर. आठव्या वर्षी त्याला इंग्लंडच्या बोर्डिंग शाळेत पाठवलं आणि नंतर तो भारतात कधीच परतला नाही. म्हातारपणी मुंबईला यायचं ठरलं होतं, जानेवारी १९८० मध्ये. पण त्याआधीच नोव्हेंबर १९७९ ला तो गेला. आपण जायचं जायचं म्हणतो आणि तिकीट पुढे ढकलतो, त्याची मला दर वेळी आठवण होते.

बायन गटासमोर बसायचा आणि गप्प राहायचा. लोक चिडायचे. तज्ज्ञ म्हणून आलाय आणि बोलत का नाही? त्यातून त्याला दिसलं ते असं. गट समोरचं काम सोडून तीन खोबणींपैकी एकीत जाऊन पडतो. एक, कुणीतरी मोठा आपल्याला सांभाळील. दोन, शत्रू शोधून भांडू या नाहीतर पळू या. तीन, दोघांची जोडी जमेल आणि तिच्यातून काहीतरी तारणहार निघेल. १९६१ साली त्याचं पुस्तक आलं. ते वाचताना मला आपल्या गणपतीच्या मीटिंगा आठवल्या. हॉल कुठला घ्यायचा हे काम असतं, आणि पाऊण तास आपण मागच्या समितीने काय घोळ घातला यावर असतो. (हशा.) हसताय, म्हणजे पटलं.

आता कॉम्प्लेक्सिटीकडे वळते. आपल्याकडे समीक्षकांचा एक आवडता शब्द आहे, ‘व्यामिश्र’. कवितासंग्रहाच्या ब्लर्बवर हमखास असतो. तो इथे खरोखर कामाला येतो. किचकट आणि व्यामिश्र यांत फरक आहे. आजोबांचं चावीचं घड्याळ किचकट. सुटं करा, भाग ओळीने मांडा, पुन्हा जोडा, चालेल. पण पुण्यातला संध्याकाळी सहाचा एखादा चौक असा सुटा करून पाहता येत नाही. तिथली रिक्षा बाजूला काढून अभ्यासली तर रिक्षा कळेल, चौक कळणार नाही. चौक म्हणजे सगळ्यांचं एकमेकांकडे बघत केलेलं वागणं.

इथे हिवाळ्यात संध्याकाळी स्टारलिंगचे थवे तुम्ही पाहिले असतील. आपल्या साळुंकीच्या कुळातला पक्षी. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात ज्वारीवर भोरड्या उतरतात ना, त्यांचाच जवळचा नातलग. २०२१ साली वेस्टमीथमधल्या लॉक एनेलवर एका छायाचित्रकाराने अशा थव्याचा फोटो टिपला. हजारो पाखरांच्या थव्याने क्षणभर एका प्रचंड पाखराचाच आकार घेतला होता. जगभर गाजला तो फोटो. त्या थव्यात म्होरक्या कोण? कुणीच नाही. १९८६-८७ मध्ये क्रेग रेनॉल्ड्सने संगणकावर फक्त तीन नियम घालून असा थवा उडवून दाखवला: शेजाऱ्याला धडकू नको, शेजाऱ्याच्या दिशेने जा, शेजाऱ्यांपासून फार लांब राहू नको. ‘थवा कर’ असा नियम त्यात नाहीच. पुढे रोमच्या शास्त्रज्ञांनी खऱ्या थव्यांचे फोटो घेऊन २००८ मध्ये दाखवलं की प्रत्येक पाखरू साधारण सहा-सात शेजाऱ्यांचंच भान ठेवतं. त्या कामात असलेल्या जॉर्जिओ पारिसींना २०२१ चं नोबेल मिळालं, ते या व्यामिश्र व्यवस्थांवरच्या एकूण कामासाठी.

सहा-सात शेजारी, आणि माझ्या गटात सात माणसं. अर्विन यालम यांचा १९७० चा जो ग्रंथ आम्ही सगळे वापरतो त्यातही सात-आठ हीच सोयीची संख्या. यावरून सिद्धांत काढायचा मोह होतो. मी काढत नाही. पण दुसरं एक गणित घरी करून बघा. आठ खुर्च्यांमध्ये जोड्या होतात अठ्ठावीस. तिघांचे, चौघांचे, सगळे मिळून उपगट धरले तर २४७. एवढी नाती त्या खोलीत एकाच वेळी जागी असतात. वैयक्तिक थेरपीत दोन खुर्च्या आणि एक जोडी. म्हणून गटात काय होईल हे मी आधी सांगू शकत नाही. अनुभव वाढला म्हणून भाकीत सुधारत नाही. फक्त भाकीत करण्याची घाई कमी होते.

एका गटाची गोष्ट सांगते. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून ही तीन-चार गटांतून मिसळून घेतलेली आहे. एक गृहस्थ होते, हाताने काम करणारे, पन्नाशीचे. दहा आठवडे ते एकही वाक्य बोलले नाहीत. यायचे, कोट न काढता बसायचे, जायचे. मी त्यांना बोलतं केलं नाही. एक बाई होत्या, त्या सगळ्यांना सल्ले द्यायच्या; आपल्या प्रत्येक कुटुंबात असते तशी मावशी. अकराव्या आठवड्यात बाई कुणाला तरी झोपेसाठी कॅमोमाइल चहा सुचवत होत्या, आणि हे गृहस्थ म्हणाले, "खिडकी बंद करू का?" एवढंच. बाई थांबल्या. मग त्यांना रडूच आलं. "सहा आठवडे मला त्या खिडकीपाशी थंडी वाजतेय," त्या म्हणाल्या, "कुणी विचारलं नाही." पुढचा तासभर आपल्याकडे कोण बघतं आणि कोण बघत नाही यावर सगळे बोलले, आणि त्यानंतरच्या आठवड्यात त्या गृहस्थांनी आपल्या भावाच्या मृत्यूबद्दल सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बायकोलाही सांगितलं नव्हतं त्यातलं काही.

आता एखादा म्हणेल, म्हणजे खिडकीचा प्रश्न हे तंत्र झालं की! पुढच्या गटात वापरा. तेच तर होत नाही. नंतर दुसऱ्या एका गटात कुणीतरी अगदी हेच वाक्य बोललं. खिडकी बंद झाली. बास.

१९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ हवामानाचं गणित संगणकावर चालवत होते. अर्ध्यातून पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा घातला. इतका बारीक फरक. पण थोड्याच वेळात दोन्ही हवामानांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. हीच ती प्रसिद्ध फुलपाखराची गोष्ट. लोक ती सांगताना एक अर्धं विसरतात. बहुतेक फुलपाखरांच्या पंखांनी काहीच होत नाही, आणि कुठल्या पंखाने झालं ते नंतरही धड दाखवता येत नाही. बायनच्या त्या तीन खोबण्या या विद्येच्या भाषेत ‘अ‍ॅट्रॅक्टर’सारख्या आहेत. गट हलवला तरी पुन्हा तिथेच घरंगळतो. सल्ले देणारी बाई आणि सल्ले घेणारे सहा जण ही अशीच एक स्थिर खोबण होती. दहा आठवड्यांची ती शांतता फुकट गेली असं बाहेरच्याला वाटलं असतं. मला वाटतं, त्या शांततेत वजन साचत होतं, म्हणून इवल्या धक्क्याने ते सरकलं. वाटतं म्हणते, कारण सिद्ध करता येणार नाही.

राल्फ स्टेसी या अर्थशास्त्रज्ञाने पुढे गटविश्लेषणाचं शिक्षण घेऊन २००३ मध्ये गटप्रक्रिया आणि कॉम्प्लेक्सिटी यांवर पुस्तक लिहिलं. भौतिकशास्त्रवाले मित्र अशा पुस्तकांवर डोळे वटारतात. तुमच्याकडे समीकरण कुठाय, म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. गटाला समीकरण नाही. आमच्याकडे आहे ती उपमा. पण उपमेचाही उपयोग असतो. मला तिने एक शिस्त लावली: एकाच माणसाला ‘प्रॉब्लेम’ ठरवून सुटा करू नकोस.

आणि उपमेनेही काम भागत नाही तेव्हा चित्रं लागतात.

या गावात इस्पितळ आणि कला यांची सोयरीक जुनी आहे. इथल्या मोठ्या इस्पितळात १९९३ पासून वॉटरफोर्ड हीलिंग आर्ट्स ट्रस्टने चित्रकार, वादक रुग्णांच्या खाटेपर्यंत नेले; आता त्या संस्थेचं नाव रेआल्टा, आयरिशमध्ये तारा. मी मात्र रुग्णांना नाही, शिकाऊ थेरपिस्टना चित्रं दाखवते, आणि त्यात एक आपला माणूस असतो: वासुदेव गायतोंडे. नागपूरला १९२४ मध्ये जन्म, मूळ कुटुंब गोव्याचं, १९४८ ला मुंबईच्या जेजेची पदविका, १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्क, नंतर दिल्ली; २००१ मध्ये गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे. रोलरने, पट्टीने रंग चढवायचा, कागद लावून तो उचलायचा, पुन्हा चढवायचा. ‘अमूर्त’ हे लेबलही त्यांना नको होतं.

मी पडद्यावर त्यांचं चित्र लावते आणि दहा मिनिटं बसायला सांगते. एकच अट: ‘यात काय दिसतंय’ असं म्हणायचं नाही. पहिली तीन मिनिटं सगळे चुळबुळतात. कुणी समुद्र शोधतो, कुणी लिपी, कुणी घड्याळाकडे बघतो. साधारण सहाव्या-सातव्या मिनिटाला खोली शांत होते. मग मी विचारते, काय होतंय? तेव्हा उत्तरं बदलतात. "मघाशी तो पिवळा मागे होता, आता पुढे आलाय." "तो डाग दिसत नव्हता, आता त्याच्याशिवाय काही दिसत नाही." मी म्हणते, हे उद्या गटात जाताना बरोबर न्या.

हे माझं पदरचं नाही. गटविश्लेषणाचे जनक एस. एच. फुक्स तरुणपणी फ्रँकफर्टला मेंदूचे डॉक्टर कुर्ट गोल्डस्टाइन यांच्याकडे काम करत होते. आकृती आणि पार्श्वभूमी हा विचार तिथून त्यांनी उचलला. बोलणारा माणूस ही आकृती, बाकीचा गट ही पार्श्वभूमी, आणि दोन्ही जागा बदलत राहतात. सगळ्या गटाच्या त्या अदृश्य विणीला त्यांनी ‘मॅट्रिक्स’ म्हटलं, मूळ लॅटिन अर्थ गर्भाशय. कोट न काढणारा माणूस दहा आठवडे पार्श्वभूमीतच होता. पण गायतोंड्यांच्या कॅनव्हासवर खालच्या थराशिवाय वरचा रंग तसा दिसत नाही, हे ज्याने दहा मिनिटं बसून पाहिलंय, तो अशा माणसाला लगेच "आणि तुम्हाला काय वाटतं?" असं टोचत नाही. प्रभाकर बरवे, अलिबागजवळच्या नागावचे, त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ १९९० मध्ये आलं. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, शिंपला अशा साध्या वस्तू एकमेकींपासून सुट्या ठेवलेल्या असतात, आणि आपण बघत राहतो ते मधल्या रिकाम्या जागेकडे. ज्यांच्याकडे ते पुस्तक आहे त्यांनी पुन्हा काढा. नसेल त्यांना मी देईन, परत करायच्या बोलीवर.

आयरिश लोकांनाही हे सहज पचलं नव्हतं. १९२३ मध्ये मेनी जेलेट या बाईंनी डब्लिनला अमूर्त चित्रं लावली, तेव्हा एई या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज रसेल यांनी त्यांना कलेतला मलेरिया झाल्याचं निदान केलं. आज तिथेच मांडलेलं त्यांचं ‘डेकोरेशन’ हे चित्र नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. डब्लिनकरांनो, प्रवेश फुकट आहे, बघून या.

आता जे बोलायला मी उभी राहिले ते बोलते.

गेली काही वर्षं मला आपल्याच लोकांचे फोन येतात. रात्री साडेदहानंतर, मुलं झोपल्यावर. सुरुवात ठरलेली: "माझी एक मैत्रीण आहे, तिच्यासाठी विचारतेय." मी मैत्रिणीबद्दलच उत्तर देते. नाइट ड्यूट्या करणाऱ्या नर्सेस, नोकरी गेलेली आणि घरी न सांगितलेली मुलं, सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला आलेल्या आणि चार वाजता अंधार पडल्यावर काय करावं हे न कळणाऱ्या आया. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच. आपल्याकडे एकत्र जमण्याची काही कमतरता नाही. दिवाळी, गणपती, कोजागिरी. पण त्या जमण्यात ‘बरंय ना?’ याला ‘बरंय’ हेच उत्तर असतं. तीही खोबणच.

हे मराठीत होऊ शकत नाही असं कुणी म्हणू नये. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालं. पु. ल. आणि सुनीताबाईंची मदत, अनिता आणि अनिल अवचटांचे कष्ट. तिथले गट मराठीतच बोलतात, शिव्यांसकट. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच १९९० पासून आहे. आणि परदेशातल्या आपल्यासाठी सर्वांत जवळचं उदाहरण डॉ. जगन्नाथ वाणी यांचं. धुळ्याकडचे, कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाने घर ढवळून निघालं. त्यांनी ते झाकलं नाही. १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, जिथे रुग्णांचे आणि नातेवाइकांचे स्वमदत गट चालतात. २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच पाठबळाने निघाला. ते २०१७ मध्ये गेले. परदेशात बसून त्यांनी हे केलं, फोनवर आणि विमानाने ये-जा करत.

मग आपला गट का नाही? अडचण खरी आहे. आपण इथे मोजकेच. आज गटात ज्याच्यासमोर रडाल तो शनिवारी मुलाच्या वाढदिवसाला भेटणार. फुक्सच्या गटांत सभासदांनी बाहेर भेटायचं नाही हा नियम असतो. आपल्यात तो पाळणं अशक्य. म्हणून मी स्वतः हा गट घेणार नाही. मी तुम्हाला ओळखते, तुमच्या सासूबाईंनाही ओळखते. महाराष्ट्रातल्या एक प्रशिक्षित गटचिकित्सक तयार आहेत. ऑनलाइन, मराठीत, आठवड्यातून एकदा, युरोपातल्या निरनिराळ्या देशांतले मराठी लोक मिसळून, एका देशातले दोनाहून जास्त नाहीत. जास्तीत जास्त आठ जण, निदान सोळा आठवडे. अनेक अभ्यास एकत्र केले तर बऱ्याच त्रासांमध्ये गट हा एकट्याच्या थेरपीइतकाच उपयोगी ठरतो. पण ज्याला आत्ता, आज रात्री जीव नकोसा झालाय, त्याच्यासाठी हा गट नाही. त्याने आपल्या जीपीकडे किंवा इमर्जन्सीला जायचं. सॅमॅरिटन्सचा ११६ १२३ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. (मला सवय आहे.) मग मागच्या रांगेतल्या एक वहिनी म्हणाल्या, "पण सोळा आठवडे बसून, पैसे भरून, काहीच झालं नाही तर?"

तसं होतं, वहिनी. सगळ्यांना गट मानवत नाही. काही जण चौथ्या आठवड्यात सोडतात आणि ते त्यांच्यासाठी बरोबर असतं. चार आठवडे येऊन बघा, मग ठरवा, एवढंच मी आधी सांगते.

दुसरा प्रश्न सचिवांचा होता: नावं त्यांच्याकडे द्यायची का? नाही. त्यांच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. त्या बाईंचा ई-मेल पत्ता जेवणाच्या हॉलबाहेर, कोट टांगतात त्या भिंतीवर लावलाय. खाली फाडून घ्यायच्या चिठ्ठ्या आहेत, तीस. मैत्रिणीसाठी घेतली तरी चालेल.